पायाला भिंगरी : सह्याद्रीच्या धाकट्या भावाकडे एक दिवस

दोस्तांनो, शाळेचा नकाशासंग्रह घ्या बरं हातात! जगाचं पान उघडा आणि मुंबईवर बोट ठेवा. आता बोट हळूहळू खाली, म्हणजे दक्षिणेकडे सरकवा. अरबी समुद्र ओलांडला, विषुववृत्त ओलांडलं, आणखी खाली या आणि जरा आफ्रिकेच्या बाजूला वळा. मादागास्कर नावाचं भलंमोठं बेट दिसलं? त्याच्या पूर्वेला निळ्या समुद्रात मोहरीएवढा एक ठिपका असेल. छपाई पुसट असेल तर भिंग घ्या! तो ठिपका म्हणजे मॉरिशस. आज आपली भिंगरी तिथे फिरणार आहे, आणि तीही एकटी नाही. आई, बाबा, आजी, ताई आणि धाकटा छोटू अशी सगळी वरात बरोबर घेऊन!

आधी एक गंमत. मुंबई विषुववृत्ताच्या वर साधारण १९ अंशांवर आहे आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली साधारण २० अंशांवर. विषुववृत्ताला आरसा समजलात, तर आरशातली मुंबई जवळजवळ मॉरिशसच्याच ओळीत पडेल. आणि आरशात सगळं उलटं दिसतं ना? तसंच इथेही आहे. मे महिन्यात आपण घामाने निथळत असतो, तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. दुपारी बाराला सूर्य दक्षिणेकडे न झुकता उत्तरेकडे झुकलेला दिसतो आणि तुमची सावली दक्षिणेकडे पडते. रात्री ध्रुवतारा शोधायला जाल तर सापडणारच नाही, तो क्षितिजाखाली दडलेला असतो. उलट, आपल्याकडून क्षितिजाजवळ कसाबसा दिसणारा त्रिशंकू तिथे छान उंचावर चमकतो. घड्याळही दीड तास मागे करावं लागतं. म्हणजे दीड तासाची सुट्टी फुकटात!

बेट आहे केवढं? जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. आपल्या सातारा जिल्ह्यात अशी पाच बेटं सहज मावतील. हे ऐकून बाबा लगेच म्हणतील, ‘‘एवढंसं तर आहे! एका दिवसात सगळं बघून टाकू. हे बघ, माहितीपत्रकात आठ ठिकाणं दिली आहेत.’’

थांबा, थांबा! सहलीचं वाटोळं नेमकं इथेच होतं. आठ ठिकाणं म्हणजे आठ वेळा गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, ‘‘चला चला, उशीर होतोय’’ असं ओरडायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. संध्याकाळी आजीचे गुडघे दुखतात, छोटू रडतो आणि रात्री कुणाला विचारलं, काय पाहिलं, तर उत्तर येतं, ‘‘गाडी!’’

म्हणून आदल्या रात्री घरची सभा भरवा. नियम एकच, प्रत्येकाने एकच जागा निवडायची आणि ती का निवडली ते सांगायचं. लहान म्हणून कुणाचं मत अर्धं धरायचं नाही आणि मोठा म्हणून कुणाला दोन मतं नाहीत. आपल्या सभेत काय झालं पाहा. बाबांना ज्वालामुखी बघायचाय. आजीला गंगा तलाव. ताईला सात रंगांची माती. आईला समुद्रावरचा सूर्यास्त. आणि छोटू टेबलावर मूठ आपटून म्हणतो, ‘‘मला डोडो पाहिजे!’’ तुम्ही काय मागणार, ते मला ठाऊक आहे. खाऊ! ठीक आहे, तेही धरू. नशिबाने ही सगळी ठिकाणं बेटाच्या मध्यापासून नैर्ऋत्येकडे एकाच वाटेवर आहेत. मे महिन्यात तिथे पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी साडेसातला गाडी सुटलीच पाहिजे. आणि हो, स्वेटर घ्या. ‘‘उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वेटर?’’ असं म्हणू नका. आरसा विसरलात का?

बाबांची जागा : पृथ्वीच्या पोटातली चूल

पहिला मुक्काम क्युरपीप गावाजवळचा ‘त्रू ओ सेर्फ’. नाव फ्रेंच आहे, अर्थ साधारण ‘हरणांचं विवर’. उंची लोणावळ्याएवढी आणि पाऊसही लोणावळ्यासारखाच लहरी. आता ऊन तर आता भुरभुर. वर गेलं की समोर एक भलाथोरला हिरवा वाडगा दिसतो. साधारण ३०० मीटर रुंद आणि काठोकाठ झाडांनी भरलेला. तळाशी थोडं पाणी. हे आहे ज्वालामुखीचं तोंड! घाबरू नका, तो हजारो वर्षं शांत झोपलेला आहे.

आता या वाडग्याच्या काठावर उभं राहून एक गोष्ट ऐका. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी खूप तापलेल्या जागा आहेत. शास्त्रज्ञ त्यांना तप्तबिंदू म्हणतात, आपण चूल म्हणू. चूल जवळपास जागच्या जागी राहते, पण तिच्यावरचं पृथ्वीचं कवच फार हळू सरकत असतं. तुमची नखं जेवढ्या वेगाने वाढतात ना, साधारण तेवढ्या वेगाने! मनातल्या मनात एक जळती उदबत्ती धरा आणि तिच्यावरून एक कागद हळूहळू सरकवा. (मनातल्या मनात म्हटलंय हं, घरात करायचं नाही!) काय होईल? कागदावर डागांची रांग उमटेल.

पृथ्वीवरही अशीच रांग उमटली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भारत या चुलीच्या वर होता. तेव्हा लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्रीचे कडे, रायगडाचा कातळ, वेरूळचं कैलास लेणं ज्या दगडात कोरलं तो काळा दगड, सगळं त्याच लाव्ह्याचं. मग भारत उत्तरेकडे सरकत गेला. मागे समुद्राच्या तळाशी लाव्ह्याच्या टेकड्यांची रांग राहिली. लक्षद्वीप आणि मालदीवची प्रवाळबेटं त्याच रांगेवर उभी आहेत. पुढे समुद्रतळ दुभंगला, चूल दुसऱ्या कवचाखाली आली आणि साधारण ८०-९० लाख वर्षांपूर्वी तिने समुद्रातून मॉरिशस वर काढलं. आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि अजूनही पेटलेली आहे. तिथल्या ज्वालामुखीचं नावच ‘भट्टीचं शिखर’ अशा अर्थाचं आहे.

म्हणजे कळलं का दोस्तांनो? सह्याद्री आणि मॉरिशस एकाच चुलीवर भाजलेले. आपला सह्याद्री थोरला आणि हे बेट धाकटं. इतक्या दूर येऊन आपण परक्या ठिकाणी नाही, भावाच्याच घरी आलो आहोत!

आजीची जागा : गंगा इतक्या दूर कशी आली?

आजी केव्हाची घाई करतेय. चला, गंगा तलाव. हाही ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलाच तलाव आहे. काठावर देवळं, पाण्यात मासे, आणि वाटेवर उभी महादेवाची उंचच उंच मूर्ती. १०८ फूट! म्हणजे दहा मजली इमारत. ही मूर्ती २००७ साली उभी राहिली आणि ती बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या शिवमूर्तीसारखी घडवलेली आहे.

महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लाखो भाविक इथे चालत येतात, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन. आपली आषाढी वारी आठवेल असा देखावा. ही पायी यात्रा १८९८ पासून सुरू आहे. १९७२ साली गंगेचं पाणी भारतातून आणून या तलावात मिसळलं आणि मग याचं नाव गंगा तलाव पडलं.

छोटू विचारेल, ‘‘पण आजी, इथे हिंदू माणसं आलीच कशी?’’ फार चांगला प्रश्न! आणि त्याचं उत्तर थोडं गंभीर आहे, म्हणून पायरीवर बसून ऐका.

माणसं यायच्या आधी हे बेट रिकामं होतं. १५९८ मध्ये डच खलाशी आले. त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. पुढे फ्रेंच आले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. उसाची शेती वाढली, पण शेतात राबणार कोण? मादागास्कर आणि आफ्रिकेतून माणसं पकडून आणली जात आणि गुलाम म्हणून विकली जात. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना स्वस्तात मजूर हवेच होते. मग त्यांची नजर वळली हिंदुस्थानकडे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख भारतीय इथे आले. साधारण पाच वर्षांचा करार असे. ‘अॅग्रीमेंट’ हा शब्द तोंडात बसेना, म्हणून त्याचं झालं ‘गिरमिट’ आणि माणसं झाली ‘गिरमिटिये’. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी नुसता अंगठा उठवला होता. कागदावर काय लिहिलंय, ते त्यांना कुणाच्या तरी तोंडूनच कळलेलं होतं. पोर्ट लुईच्या ‘आप्रवासी घाटा’वर बंदरातून वर चढायच्या १६ पायऱ्या आजही आहेत. त्या पायऱ्या चढून माणसं नव्या आयुष्यात पाऊल टाकत. २००६ पासून ती जागा जागतिक वारसा स्थळ आहे.

त्यांतले काही परत गेले, बरेचसे इथेच राहिले. गाव सुटलं, नदी सुटली, पुन्हा तिकडे जायला पैसा नाही. मग माणसं काय करतात? जवळ जे पाणी आहे, त्यालाच आपली नदी मानतात. हा तलाव पाहताना फक्त मूर्ती किती उंच एवढंच मोजू नका. केवढी आठवण दाटली असेल, की माणसांनी डोंगरातल्या तळ्यालाच गंगा म्हटलं, याचा विचार करा.

आणि आता कान टवकारा! या मजुरांत आपली मराठी माणसंही होती. मुंबई बंदरातून जहाजात बसलेली, त्यांतली पुष्कळशी कोकणातली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज मॉरिशसमध्ये शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत. तिथल्या शाळांत मराठी विषय शिकवला जातो. गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते! आपल्या कोकणात गणपतीत जाखडी नाचतात ना, तशीच ‘झाकरी’ तिथे नाचली जाते. बेटाच्या पश्चिमेला कास्काव्हेल नावाचं गाव मराठी वस्तीसाठी ओळखलं जातं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. तिथे घराघरांत क्रिओल भाषा बोलतात. फ्रेंचमधून जन्मलेली, अनेकांच्या ओठांवर घोळून गुळगुळीत झालेली. ‘कसं काय?’ला तिथे म्हणतात ‘की मान्येर?’ अशा ठिकाणी एखादे आजोबा तुमच्याशी अडखळत मराठी बोलले, एखादा शब्द जुन्या वळणाचा आला, तर खुदकन हसू नका. पावणेदोनशे वर्षं, आणि हजारो किलोमीटरवर, कुणीही सक्ती केलेली नसताना त्यांनी ती भाषा सांभाळली आहे. आपण घरात बसून दर वाक्यात चार इंग्रजी शब्द घालतो. सांगा पाहू, हसायचं कुणी आणि कुणाला?

छोटूची जागा : नसलेला पक्षी आणि वाचलेला पक्षी

आता ‘ब्लॅक रिव्हर गॉर्जेस’ हे राष्ट्रीय उद्यान. १९९४ मध्ये ते स्थापन झालं. कठड्याशी उभं राहिलं की खाली खोल हिरव्या दऱ्या आणि लांबवर समुद्राची निळी पट्टी. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर उभं असल्यासारखं वाटेल, फक्त दरीच्या टोकाला समुद्र!

‘‘डोडो कुठाय?’’ छोटू विचारतो.

छोटूला खरं सांगायला हवं. डोडो नाही. या जंगलात नाही, जगातल्या कुठल्याही जंगलात नाही. तो फक्त मॉरिशसमध्येच होता. कबुतराच्या कुळातला, पण टर्कीपेक्षाही मोठा आणि उडता न येणारा. उडायची गरजच काय होती? बेटावर त्याची शिकार करणारं कुणी नव्हतंच. मग माणसं आली. त्यांच्या जहाजांतून उंदीर आले, डुकरं आली, माकडं आली. डोडो जमिनीवर घरटं करायचा. अंडी आयतीच समोर! शिवाय जंगलतोड. डच पहिल्यांदा उतरले १५९८ मध्ये, आणि डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद समजली जाते ती १६६२ मधली. अवघी ६४ वर्षं! तुमच्या आजीचं वय विचारा. तेवढ्या काळात एक अख्खी जात पृथ्वीवरून पुसली गेली.

गंमत म्हणजे डोडो एकदा भारतातही येऊन गेलाय. जहांगीर बादशहाच्या काळातलं डोडोचं एक रंगीत चित्र आहे. त्याच्या दरबारचा नामांकित चित्रकार उस्ताद मन्सूर याने ते काढलं असं मानतात. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने तर सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पुढे डोडो ही कल्पनाच असावी, असं काही लोकांना वाटू लागलं होतं. तेव्हा १८६५ मध्ये मॉरिशसमधल्या जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांनी एका दलदलीतून डोडोची हाडं शोधून काढली. आज पोर्ट लुईच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा आहे.

पण छोटूचा चेहरा पाडू नका. गोष्ट अजून संपलेली नाही. डोळे वर करून आकाशात बघा. एक छोटासा तपकिरी-पांढरा ससाणा गिरकी घेताना दिसला तर तुम्ही नशीबवान! हा मॉरिशसचा ससाणा. १९७४ मध्ये रानात या जातीचे फक्त चार पक्षी उरल्याचं माहीत होतं. चार! तुमच्या घरातल्या माणसांपेक्षाही कमी. ‘हा आता जाणार’, असंच जवळपास सगळ्यांनी धरलं होतं. मग कार्ल जोन्स नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी काम हाती घेतलं. युक्ती काय केली? घरट्यातली पहिली अंडी अलगद उचलून ऊबपेटीत ठेवायची. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते. म्हणजे पिल्लं दुप्पट! पिल्लांना हाताने भरवायचं, वाढवायचं, सोडायचं, त्यांच्यासाठी घरट्याच्या पेट्या बसवायच्या. वर्षानुवर्षं हे केलं. आज तो ससाणा शेकड्यांनी आहे. गुलाबी कबुतराचंही तसंच. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती, आज ती चारशेच्या वर आहेत.

डोडोच्या वेळी कुणी थांबलं नाही. ससाण्याच्या वेळी मूठभर माणसं थांबली. फरक एवढाच.

तेव्हा या जंगलात आपण काय करायचं? कठड्यावर माकडं येतील, वेडीवाकडी तोंडं करतील. त्यांना बिस्किट द्यायचं नाही. एकतर ती चावतात, आणि दुसरं म्हणजे याच माकडांचे पूर्वज डोडोची अंडी फस्त करत होते. माकडं गुबगुबीत झाली की पक्ष्यांची अंडी आणखी धोक्यात! वाटेवर लालचुटूक, बोराएवढे पेरू मिळतात. ते मात्र मनसोक्त खा. ती बाहेरून आलेली झाडं आहेत आणि इथल्या मूळ झाडांना गुदमरवून टाकतात. एखाद्याने जंगलाचं भलं पोट भरून करावं, असा योग क्वचितच येतो!

तुमची जागा : डाळपुरी!

पोटात कावळे ओरडू लागले ना? मग रस्त्यावरच्या डाळपुरीच्या गाडीशी थांबा. हरभऱ्याची डाळ शिजवून, हळद घालून पिठात भरतात आणि मऊसूत लाटून भाजतात. आजी पहिल्या घासालाच म्हणेल, ‘‘अगंबाई, ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी!’’ दोन पुऱ्या एकावर एक ठेवून त्यात घेवड्याची उसळ, टोमॅटोची चटणी आणि झणझणीत मिरची घालतात, गुंडाळी करतात आणि कागदात देतात. बरोबर हरभऱ्याच्या डाळीची तिखट भजी. गिरमिटियांच्या घरातला हा पदार्थ आता साऱ्या देशाचा झालाय. कुठल्याही धर्माचा, कुठल्याही रंगाचा माणूस त्याच गाडीशी रांगेत उभा असतो. प्यायला ‘आलुदा’ मागा. चव घेतल्यावर त्याचा भारतातला भाऊबंद तुम्हीच ओळखा!

ताईची जागा : सात रंगांची माती

पुढे शामारेल. आधी धबधबा, ऐंशी मीटरहूनही उंचावरून थेट कोसळणारा. आणि थोड्या अंतरावर ती प्रसिद्ध माती. झाडांच्या मधोमध उघड्या मातीच्या लाटा. तांबडी, तपकिरी, जांभळी, करडी, पिवळसर. कुणी रांगोळीचे डबे उपडे केलेत की काय!

जादू नाही, रसायनशास्त्र आहे. लाव्ह्याचा काळा दगड लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन कुजला आणि त्याची माती झाली. पाण्यात विरघळणारी द्रव्यं वाहून गेली. मागे उरली ती मुख्यतः लोखंडाची आणि अॅल्युमिनियमची संयुगं. कुठे एकाचं प्रमाण जास्त, कुठे दुसऱ्याचं, म्हणून रंग वेगवेगळे. आता ताईला विचारा, असा प्रकार आपल्याकडे कुठे पाहिलाय? कोकणात! रत्नागिरीला घरांच्या भिंती ज्या लाल चिऱ्यांच्या असतात, तो जांभा दगड असाच काळ्या कातळापासून झालाय. तीच चूल, तोच दगड आणि तोच पाऊस. सांगितलं होतं ना, भावाचं घर आहे म्हणून!

माती कुंपणाबाहेरूनच बघायची. एका पावलाचा ठसा काय करणार, असं वाटेल. पण रोज येणाऱ्या शेकडो पाहुण्यांनी एकेकच पाऊल टाकलं, तर सात रंगांचा एकच चिखल होईल. जवळच मोठी कासवं आहेत, ती पाहायला विसरू नका. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं डोडोसारखीच संपली. ही अल्डाब्रा बेटांवरच्या जातीची आहेत.

आईची जागा : ल मोर्न आणि मावळता सूर्य

शेवटचा टप्पा ल मोर्न. समुद्रात घुसलेला, ५५६ मीटर उंचीचा एकटा कातळडोंगर. पायथ्याशी शुभ्र वाळू आणि काचेसारखं पाणी. आईने निवडलेली जागा किती सुंदर!

पण या डोंगराला एक आठवण आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्याकपारींत लपून राहत. मिठाची भाकर खाऊ, पण मोकळे राहू, असं म्हणणारी माणसं. इथली एक दंतकथा अशी, की गुलामगिरी संपल्यावर शिपाई ती बातमी सांगायला डोंगरावर निघाले. वरच्या लोकांना वाटलं, आपल्याला पकडायलाच आलेत. पुन्हा गुलाम होण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. २००८ मध्ये ल मोर्नला जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला आणि पायथ्याशी स्मारकही आहे. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, गुलामांच्या सुटकेचा दिवस आणि गिरमिटियांच्या आगमनाचा दिवस, दोन्ही दिवशी देशाला सुट्टी असते. एकमेकांची दुःखं आठवायला सारा देश सुट्टी घेतो, हे मला फार आवडतं.

इथे थोडा वेळ सगळे गप्प बसा. मग खुशाल पाण्यात जा!

समुद्र इथे शांत का, माहीत आहे? लांबवर पांढरी रेघ दिसते, ती प्रवाळाची भिंत. मोठ्या लाटा तिथेच फुटतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, चिमुकल्या जिवांची वसाहत. त्यावर पाय द्यायचा नाही, तोडायचं नाही, शंख-शिंपलेही खिशात घालायचे नाहीत. २५ जुलै २०२० रोजी बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ‘वाकाशिओ’ नावाचं मालवाहू जहाज या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा कुणाची वाट न बघता माणसं किनाऱ्यावर धावली. उसाचं पाचट कापडी पिशव्यांत ठासून भरलं, त्याच्या लांबच लांब माळा शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर तरंगत सोडल्या. तेल शोषायला कुणी डोक्यावरचे केसही कापून दिले! ज्या उसासाठी त्यांच्या खापरपणजोबांना इथे आणलं, त्याच उसाच्या पाचटाने पणतवंडांनी आपला समुद्र राखायची धडपड केली.

आता सूर्य पाण्याला टेकलाय. फोटो एकच काढा आणि कॅमेरा ठेवून द्या.

करून पाहा

दोस्तांनो, तुमच्यातल्या पुष्कळांना मॉरिशसला जाता येणार नाही, हे मला माहीत आहे. काही बिघडत नाही! धाकट्याकडे जाता आलं नाही, तरी थोरला भाऊ तर दारातच उभा आहे. या सुट्टीत जवळच्या डोंगरावर किंवा किल्ल्यावर घरच्यांबरोबर एक दिवस काढा. आदल्या रात्री सभा भरवा. प्रत्येकाची एकच जागा! डोंगरावर काळा कातळ शोधा आणि हात लावून ‘ही त्याच चुलीवरची भाकरी’ असं छोट्या भावंडांना सांगा. दुपारी बाराला आपली सावली कुठे पडते, ते वहीत लिहा. एखादा पक्षी नीट न्याहाळा आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘‘तुमच्या लहानपणी कोणते पक्षी होते, जे आता दिसत नाहीत?’’

उत्तर ऐकून थोडं वाईट वाटेल. वाटू दे. मग ससाण्याची गोष्ट आठवा आणि आईबाबांना विचारा, ‘‘आपण काय करू शकतो?’’

आई-बाबांनो, हा प्रश्न आला तर ‘‘नंतर बघू’’ म्हणू नका हं!

पुढच्या आठवड्यात भिंगरी कुठे थांबते, ते बघूच. तोवर नकाशासंग्रह उघडाच ठेवा.